‘नोना’ची सफर : समुद्राचा निवाडा आणि माणसाचा

इंग्रजी वाचणाऱ्या कॅथलिक कुटुंबांत हिलेअर बेलॉक हे नाव एके काळी मोठ्या आदराने घेतले जाई. फ्रेंच पिता आणि इंग्रज माता यांच्या पोटी १८७० साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा लेखक इंग्लंडमध्ये वाढला. १९०६ ते १९१० या काळात तो साल्फर्डचा खासदार होता. कॅथलिक श्रद्धेची बाजू त्याने इतक्या हिरिरीने मांडली, की विरोधकांनाही त्याची दखल घ्यावी लागली. रोमपर्यंतच्या पायी यात्रेवरील त्याचे १९०२ सालचे पुस्तक अनेकांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याने समुद्रावर लिहिलेला ‘द क्रूझ ऑफ द नोना’ हा ग्रंथ त्या मानाने कमी वाचला जातो. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला आता शंभर वर्षे झाली. बेलॉक यांचे थोरपण आणि त्यांचे दोष यांची पारख करायची झाल्यास ती याच ग्रंथाच्या आधारे करावी, असे आम्हांस वाटते. कारण त्यांना मोजण्याचे माप या ग्रंथातच आहे, आणि ते त्यांनी स्वतःच नकळत वाचकाच्या हाती दिले आहे.

प्रथम या लेखनप्रकाराविषयी थोडेसे. शिडाच्या लहान नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो मैलांची सफर करायची, रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, तेथेच स्वयंपाक, तेथेच झोप, आणि वारा व भरती अनुकूल झाली की पुन्हा पुढे निघायचे, असे हे जगणे आहे. उत्तन किंवा पाचूबंदर येथील आपल्या कोळी बांधवांना हा उद्योग काहीसा विचित्र वाटेल. त्यांच्या लेखी होडी म्हणजे पोटापाण्याचे साधन. मासळी नाही, माल नाही, उतारू नाही, तर मग नांगर उचलायचा कशासाठी? ब्रिटनमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी नाविकांची एक परंपराच निर्माण झाली. जॉन मॅकग्रेगर यांचे ‘रॉब रॉय’ या नौकेतील एकट्याच्या सफरीचे पुस्तक १८६७ सालचे, तर मॅकमलन यांचे ‘डाउन चॅनेल’ १८६९ सालचे. हे मॅकमलन अत्यंत काटेकोर व कडक शिस्तीचे गृहस्थ होते. १८९१ साली इंग्लिश खाडीत आपल्या नौकेत एकटेच असताना बसल्या जागी त्यांना मृत्यू आला, आणि नौका मात्र शिडांच्या बळावर पुढे जात राहिली. फ्रेंच मच्छीमारांना ती आढळली. ही हौस केवळ सुखवस्तूंचा खेळ नव्हती, हे या एका घटनेवरून ध्यानात यावे.

किनाऱ्याची सफर म्हणजे भर समुद्रापेक्षा सोपी, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भर समुद्रात नौकेला आपटायला काही नसते. खडक, वाळूचे दांडे, अरुंद सामुद्रधुन्या आणि उलटसुलट प्रवाह हे सारे किनाऱ्यालगतच असते. त्यातही ब्रिटनचा पश्चिम किनारा विशेष कठीण आहे. मुंबईला मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर सुमारे ५ मीटर भरते. ब्रिस्टॉल चॅनेलच्या वरच्या टोकाला ते सुमारे १४ मीटरपर्यंत जाते. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते. त्यामुळे भूशिरांच्या टोकांशी आणि बेटांमधील चिंचोळ्या वाटांत पाणी नदीच्या पुराप्रमाणे धावते. अशा ठिकाणी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वारा सुटला, म्हणजे उतरती लाट उरत नाही. उभ्या, मोडणाऱ्या लाटांच्या भिंतीच तेवढ्या समोर येतात. शिडाच्या नौकेला तेथून जाण्यासाठी दिवसातील ठरावीक घटकाच मिळतात. ती घटका चुकली, की निमूटपणे नांगर टाकून पुढील पाण्याची वाट पाहावी लागते.

‘नोना’ ही नऊ टनांची, एका डोलकाठीची, ‘कटर’ जातीची नौका. तिच्यात यंत्र नव्हते. नौकेवर यंत्र बसवण्याची कल्पनाच बेलॉक यांना असह्य होती. १९१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ते अँगलसी बेटावरील होलिहेड बंदरातून मध्यरात्रीच्या सुमारास निघाले. वेल्सचा किनारा डाव्या हाताला ठेवीत ते दक्षिणेकडे उतरले आणि कॉर्नवॉलच्या टोकाला वळसा घालून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याने पूर्वेकडे गेले. ग्रंथाचा सांगाडा एवढाच. आरंभी मित्र मॉरिस बेअरिंग यांना लिहिलेले दीर्घ अर्पणपत्र आहे. त्यानंतर सफर, सफरीत सुचलेल्या गोष्टी, आठवणी, वादविवाद, इतिहास, पुन्हा सफर, असा ओघ आहे. ग्रंथाच्या उपशीर्षकात जीवन, साहित्य, माणसे आणि रीतिभाती यांवरील ‘चिंतने व निवाडे’ असा स्पष्ट उल्लेख आहे. यातील ‘निवाडे’ हा शब्द वाचकाने ध्यानात ठेवावा. आमचे पुढील सारे विवेचन त्याभोवतीच आहे.

या ग्रंथाचे मोठेपण पाण्यावरील पानांत आहे, याविषयी दुमत होऊ नये. बार्डसी बेट आणि वेल्सची मुख्य भूमी यांमधील सामुद्रधुनीत ‘नोना’ वादळात सापडते, तो भाग घ्यावा. बार्डसी हे प्राचीन काळापासून यात्रेकरूंचे बेट. तेथे वीस हजार संत चिरनिद्रा घेत आहेत, अशी परंपरागत समजूत आहे. त्या पवित्र बेटाच्या पायथ्याशी समुद्र मात्र अतिशय क्रूर आहे. बेलॉक येथे शौर्याचा आव आणीत नाहीत. वारा कोठून आहे, प्रवाह कोठे ओढतो आहे, शीड किती कमी करावे, याचा विचार माणूस कसा करतो आणि भीती त्या विचारात कशी मिसळते, हे ते सांगतात. पोर्टलंडच्या टोकाशी उसळणाऱ्या पाण्याचे वर्णनही असेच आहे. इंग्लिश खाडीतील अत्यंत दुष्ट जागांपैकी ही एक. तिच्यापासून दूर राहावे, हे समजण्याइतका अनुभव त्यांच्यापाशी होता, आणि तो सांगताना त्यांची वाक्ये आखूड व नेमकी होतात. अलंकार गळून पडतात. ज्याला दोर कोठे बांधायचा हे माहीत आहे, अशा माणसाचे ते गद्य आहे.

या पानांत आणखी एक गुण आहे, आणि तो वाङ्मयीन असण्याइतकाच आध्यात्मिक आहे. समुद्रावर बेलॉक सतत दुरुस्त होत असतात. अंदाज चुकतो, वारा फिरतो, दीपगृह अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशेला दिसते, आणि ते मुकाट्याने सुकाणू वळवतात. नौका पाण्यात जेथे आहे तेथे आहे. सुकाणूधारकाला ती कोठे असावी असे वाटते, याला तेथे काडीची किंमत नाही. विनय हा सद्गुण आपण प्रवचनांतून नेहमी ऐकतो. तो सद्गुण प्रत्यक्ष देहाला शिकवणारी जागा म्हणजे लहान नौका होय. मानवी जीवनातील यत्न, दैव, भय आणि विसावा यांचे संपूर्ण चित्र समुद्रावर उमटते, या आशयाचे ग्रंथाच्या अखेरीस केलेले चिंतन म्हणूनच खोटे वाटत नाही. ते चिंतन आधीच्या पानांवरील अनुभवातून आलेले आहे.

या सफरीमागे एक दुःख आहे. बेलॉक यांच्या पत्नी एलोडी या कॅलिफोर्नियातील होगन घराण्यातील. तरुण बेलॉक तिच्या भेटीसाठी अमेरिका ओलांडून गेले होते, वाटेत कित्येक मैल त्यांनी पायी तुडवले होते. १८९६ साली त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. २ फेब्रुवारी १९१४ रोजी, म्हणजे आपण मेणबत्त्यांच्या आशीर्वादाने साजरा करतो त्या प्रभूच्या समर्पणाच्या सणादिवशी, एलोडी यांचे निधन झाले. पुढे आयुष्यभर बेलॉक यांनी काळी वस्त्रे वापरली. तिची खोली बंद ठेवली, आणि त्या दारावरून जाताना ते त्यावर क्रूसाची खूण करीत. होलिहेडहून ‘नोना’ निघाली, ती या मृत्यूनंतर चारच महिन्यांनी. ग्रंथात हे दुःख कोठेही उघडपणे मांडलेले नाही. ते ठाऊक असलेल्या वाचकाला मात्र रात्रीच्या पहाऱ्याची पाने निराळी वाटू लागतात. शोकाकुल माणूस घरात बसू शकत नाही. त्याला हाताला काम हवे असते आणि डोळ्यांपुढे काहीतरी विशाल हवे असते. समुद्र सांत्वन देतो, असे बेलॉक म्हणतात तेव्हा ती कवीची लकब नसते. सांत्वनाची गरज कोणाला होती, एवढेच त्यांनी सांगितलेले नाही.

दुसरे दुःख ग्रंथाच्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगात दडलेले आहे. युद्ध उंबरठ्यावर होते. दक्षिण किनाऱ्यासमोर पहाटेच्या धुक्यात ‘नोना’ संथ पाण्यावर रेंगाळत असताना बेलॉक यांना युद्धनौकांची लांब रांग पूर्वेकडे जाताना दिसली. परत बोलावलेले आरमार त्यांच्या आणि उगवत्या सूर्याच्या मधून भुतांप्रमाणे सरकत गेले. तेवढ्यावरून पुढे काय घडणार ते त्यांनी ओळखले. प्रसंग अगदी थोडक्यात सांगितला आहे. मोठा आवाज नाही, भाकीत नाही. हे लिहीत असताना मध्ये अकरा वर्षे लोटली होती. त्यांचा ज्येष्ठ पुत्र लुई हा वैमानिक १९१८ च्या ऑगस्टमध्ये युद्धात कामी आला होता आणि त्याचा देहही मिळाला नव्हता. धुक्यातील त्या रांगेकडे पाहणारा १९१४ सालचा नाविक आणि ती आठवण लिहिणारा १९२५ सालचा पिता, हे दोघे त्या परिच्छेदात एकाच वेळी उपस्थित आहेत. शोकाचा उच्चार न करता शोक व्यक्त करण्याचे सामर्थ्य येथे दिसते.

इथवर सारे स्तुतीस पात्र आहे. परंतु बेलॉक सुकाणू सोडून निवाडे करू लागतात, तेव्हा तोच ग्रंथ निराळा होतो. संसदेतील पक्षांचे साटेलोटे, पैशाचा प्रभाव, खोटे वाद यांवरील त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ते आतून पाहून आलेले होते. मात्र या रागाने त्यांना जेथे नेले ती जागा भयंकर आहे. इटलीत जाऊन आपण मुसोलिनीची भेट घेतली हे ते अभिमानाने सांगतात, आणि त्या माणसाची व त्याच्या चळवळीची मुक्तकंठाने प्रशंसा करतात. हा ग्रंथ १९२५ चा आहे. जाकोमो मात्तेओत्ती या विरोधी खासदाराचा खून फासिस्टांनी १९२४ च्या जूनमध्ये केलेला होता, आणि ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने संसदेत उभे राहून घडल्या प्रकाराची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली होती. संसदेच्या भ्रष्टाचाराचा तिटकारा असलेल्या लेखकाला संसदेच्या खुनाचा तिटकारा येऊ नये, ही गोष्ट आम्हांस फार खटकते.

दुसरा निवाडा ड्रेफस प्रकरणावरचा. ज्यू सेनाधिकारी आल्फ्रेड ड्रेफस याला १८९४ साली देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, आणि १९०६ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पूर्णपणे निर्दोष ठरवले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी लिहिताना बेलॉक त्याचे निर्दोषत्व सरळपणे मान्य करीत नाहीत. त्या प्रकरणाने फ्रान्सचे गुप्तवार्ता खाते मोडून पडले आणि महायुद्धात त्याची किंमत मोजावी लागली, असा दोष ते उलट ड्रेफसच्या पाठीराख्यांच्या माथी मारतात. ज्यूंविषयीचा त्यांचा पूर्वग्रह त्यांच्या इतर लेखनातही आढळतो. पुढे नाझींच्या ज्यूछळाचा त्यांनी निषेध केला, हे न्यायाने नमूद केलेच पाहिजे. तथापि त्या निषेधाने आधीची पाने पुसली जात नाहीत.

येथे एक बचाव नेहमी मांडला जातो. बेलॉक हे आपल्या काळाचे अपत्य होते, त्या काळी बहुतेक कॅथलिकांची मते तशीच होती, असे म्हटले जाते. हा बचाव इतिहासापुढे टिकत नाही. शार्ल पेगी हे तारुण्यात ड्रेफसच्या बाजूने लढले. पुढे कॅथलिक श्रद्धेकडे परतल्यावरही, १९१० साली, त्यांनी त्या लढ्याचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. मार्नच्या रणभूमीवर १९१४ साली त्यांना मरण आले. इटलीतील धर्मगुरू जोव्हान्नी मिन्झोनी यांना १९२३ च्या ऑगस्टमध्ये फासिस्टांनी मारहाण करून ठार केले. दुसरे धर्मगुरू लुइजी स्टुर्झो यांनी १९१९ साली ख्रिस्ती प्रेरणेचा लोकपक्ष स्थापन केला होता. त्यांना फासिस्टांच्या दडपणामुळे १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये देश सोडावा लागला, आणि ते आले ते लंडनलाच. म्हणजे ‘नोना’ छापखान्यात जात असताना मुसोलिनीचे खरे रूप सांगू शकणारा कॅथलिक पुरोहित त्याच देशात निर्वासित म्हणून राहत होता. हेही सारे त्याच काळाचे पुत्र होते. तेव्हा दोष काळाकडे सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

मग पाण्यावर इतका सावध आणि नम्र असलेला हा माणूस जमिनीच्या बाबतीत इतका बेसावध कसा? आमचे उत्तर असे, की पाण्यावर त्याला उत्तर देणारे कोणीतरी होते. सामुद्रधुनीतील प्रवाहाविषयी चुकीचा निवाडा केला तर खडक तत्काळ उत्तर देतो. रोमविषयी किंवा ड्रेफसविषयी चुकीचा निवाडा केला तर त्या छोट्या खोलीत प्रत्युत्तर देणारे कोणीच नसते. नऊ टनांच्या नौकेत धन्याचा शब्द अखेरचा असतो. सोबतीला असतात ते मित्र, आणि तेही त्याच्याच निमंत्रणावरून आलेले. ड्रेफस तेथे नाही, मात्तेओत्तीची विधवा तेथे नाही. नौकेत राहण्याचे सुख म्हणून आपण ज्याला म्हणतो, त्या मोकळेपणाचा एक भाग हाच आहे, की ज्यांचे म्हणणे आपल्याला नकोसे वाटते अशी माणसे किनाऱ्यावर राहतात. हा धोका एकट्या बेलॉक यांचा नाही. या सबंध लेखनप्रकारालाच तो चिकटलेला आहे. किनाऱ्यापासून दोन मैलांवरून सारा देश लहान दिसतो, आणि लहान दिसणाऱ्या वस्तूवर निवाडा देणे सोपे जाते.

हा धोका ओळखून लिहिलेले एक पुस्तक तुलनेसाठी घेण्याजोगे आहे. जोनाथन रेबन (१९४२–२०२३) हे अँग्लिकन धर्मगुरूचे पुत्र, परंतु स्वतः श्रद्धेपासून दूर गेलेले. १९८२ साली त्यांनी ‘गॉसफील्ड मेड’ या दोन डोलकाठ्यांच्या लाकडी नौकेत बिऱ्हाड केले आणि ब्रिटनला प्रदक्षिणा घातली. त्या सफरीचे पुस्तक ‘कोस्टिंग’ १९८६ साली आले. या इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक किनाऱ्याने जाणे, आणि दुसरा विशेष यत्न न करता नुसते घसरत राहणे. लेखकाने दोन्ही अर्थ स्वतःला लावून घेतले आहेत. योगायोग असा, की त्याही सफरीच्या काळात युद्ध पेटले. फॉकलंड बेटांसाठी ब्रिटिश आरमार निघाले, आणि रेबन ते नौकेवरच्या रेडिओवर ऐकत राहिले. त्यांनी आपल्या आधीच्या नाविक-लेखकांचा, त्यांत बेलॉक यांचाही, परामर्श घेतला आहे. घर सोडून पाण्यावर राहणाऱ्या माणसाला देश आपल्याहून वाईट वाटू लागतो, आणि त्यात पळून आल्याचे समर्थन दडलेले असते, हे रेबन जाणून आहेत. त्यामुळे त्यांचा उपहास अनेकदा स्वतःवर उलटतो. या प्रामाणिकपणात ते बेलॉक यांच्या पुढे आहेत. परंतु शंका घेता घेता ते जेथे थांबतात, तेथे नांगर टाकण्याजोगा तळ त्यांना सापडत नाही. बेलॉक यांच्यापाशी तळ आहे, स्वतःविषयीची शंका नाही. रेबन यांच्यापाशी शंका आहे, तळ नाही. ख्रिस्ती वाचकाला दोहोंची गरज आहे.

दोन्ही गोष्टी एकत्र कोठे मिळतात, असे कोणी विचारील, तर आम्ही त्याला एका अतिशय जुन्या किनारी सफरीकडे नेऊ. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आपण चर्चमध्ये क्वचितच लक्ष देऊन ऐकतो. नाविकाच्या नजरेने पाहिल्यास तो प्राचीन काळातील अत्यंत तपशीलवार नौकावृत्तान्तांपैकी एक आहे. कैदी असलेले संत पौल कैसरियाहून निघतात. नौका सिदोनला लागते, सायप्रसच्या आडोशाने जाते, मुर्‍याला नौका बदलते, क्निदापर्यंत रेंगाळते आणि क्रीटच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटून कशीबशी एका बंदरात पोहोचते. ऋतू उलटून गेलेला असतो. पुढे जाऊ नये, असे पौल सुचवतात. परंतु शताधिपती तांडेलाचे आणि नौकेच्या मालकाचे ऐकतो. मंद दक्षिण वारा सुटतो, सारे हुरळतात, आणि मग डोंगरावरून ईशान्येचे वादळ कोसळते.

स्कॉटलंडमधील जेम्स स्मिथ या भूशास्त्राच्या अभ्यासकाने आणि हौशी नाविकाने हा अध्याय पारखून पाहिला. माल्टामध्ये हिवाळा घालवून, नकाशे, वारे आणि खोलीची मोजमापे तपासून, त्याने १८४८ साली संत पौलाच्या सफरीवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा वादळात शिडे उतरवलेले जहाज ताशी सुमारे दीड मैल वाहवत जाईल, असे त्याने धरले. क्रीटजवळच्या लहान बेटापासून माल्टापर्यंतचे अंतर या वेगाने कापायला सुमारे तेरा दिवस लागतात, असा त्याचा हिशेब निघाला. लूकने लिहिले आहे, की चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याचे खलाशांना जाणवले. वीस वाव, नंतर पंधरा वाव, ही लूकने दिलेली खोलीही त्या उपसागराशी जुळते. छंदाच्या नौकेत मिळवलेले ज्ञान पवित्र शास्त्राच्या वाचनाला असे उपयोगी पडावे, ही या साऱ्या हौसेची एक सुंदर फलश्रुती होय.

परंतु आमचा मुद्दा त्या नौकेतील माणसांचा आहे. तेथे दोनशे शहात्तर जण आहेत. त्यांत कैदी, शिपाई, खलाशी, मालक आणि शताधिपती सारेच आहेत. कोणीही दुसऱ्याला निमंत्रण दिलेले नाही. वृत्तान्त ‘आम्ही’ या सर्वनामात सांगितला आहे, आणि त्या ‘आम्ही’त सारे येतात. खलाशी लहान होडीतून गुपचूप निसटू पाहतात. ही माणसे गेली तर इतरांना वाचता येणार नाही, असे पौल शिपायांना सांगतात, आणि शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. ज्या कैद्याचे आरंभी कोणी ऐकले नाही, त्याचेच आता सर्व ऐकतात. पहाट होण्यापूर्वी तो भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि सर्वांना खाण्याचा धीर देतो. नौकेतील सर्वांत खालचा आवाज हाच त्या नौकेचे खरे सुकाणू ठरतो. ‘नोना’मध्ये ज्याची उणीव आहे तो हाच आवाज.

तेव्हा ‘नोना’ वाचावी की कपाटात बंद ठेवावी? आम्ही निःसंशय म्हणू, की वाचावी, आणि घरातील इंग्रजी शिकणाऱ्या तरुणांच्या हाती द्यावी. परंतु ‘आपला लेखक’ म्हणून नकोशी पाने उलटून टाकून देऊ नये. सत्य सांगणाऱ्या लेखकाच्या असत्यावर पांघरूण घालणे म्हणजे श्रद्धेची सेवा नव्हे. ख्रिस्तसभेनेही तसे केलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज जाहीर केला. प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट ज्यू लोकांवर ठेवता येणार नाही, हे त्यात स्पष्ट केले, आणि ज्यूद्वेषाचा धिक्कार केला. पोप जॉन पॉल दुसरे हे १३ एप्रिल १९८६ रोजी रोममधील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गेले, तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांच्या शेजाऱ्याच्या दारी ते भाऊ म्हणून गेले होते. शतकानुशतकांच्या पूर्वग्रहाची दुरुस्ती करण्याचे धैर्य ख्रिस्तसभेला झाले असेल, तर तिच्या एका लाडक्या लेखकाच्या पानांची दुरुस्ती करताना आपण कचरू नये.

बेलॉक यांचे निधन १६ जुलै १९५३ रोजी झाले. त्यांच्या निवाड्यांना इतिहासाने जे उत्तर द्यायचे ते दिले. त्यांच्या सागरवर्णनांना मात्र अजून कोणी उत्तर देऊ शकलेले नाही. बार्डसीच्या सामुद्रधुनीतील ती रात्र, धुक्यातील ती नौकांची रांग आणि अखेरचे ते सागरचिंतन, ही पाने इंग्रजी गद्याच्या उत्तम पानांत राहतील. त्या पानांतील नाविकापाशी जी सावधगिरी होती, तीच आपण त्या ग्रंथातील राजकारण्यावर नजर ठेवताना वापरावी. अशा वाचनात त्यांचा अवमान होत नाही. खडक दिसताच सुकाणू वळवावे, हे आपण त्यांच्याचकडून शिकलो आहोत.